ज्ञानूमामा न्यायला आला तेव्हा

"काढा की वो पाटील हे दोर. हात बांधून काय मिळालं तुमास्नी?"

आमच्या सासूबाई हे त्यांच्या पोटच्या मुलाला म्हणाल्या. पोटचा मुलगा, म्हणजे माझा नवरा प्रताप, हिरवा झगा आणि कागदी टोपी घालून खाटेशी उभा होता आणि "आई, मी प्रताप गं," असं पुन्हा पुन्हा सांगत होता. सासूबाईंनी त्याला खालून वर नीट निरखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"प्रताप पाळण्यात हाय," त्या म्हणाल्या.

प्रताप बाहेर आला, टोपी काढली आणि बाकड्यावर बसून लहान पोरासारखा रडला. पन्नाशीचा माणूस. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मला कसंनुसं होत होतं, आणि त्यातच पाळण्याचं आठवून हसूही येत होतं. हसू दाबलं. माझा स्वभावच मेला तसा आहे, नको तिथे हसू येतं.

मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात सासूबाईंच्या हृदयाची झडप बदलली होती. ऑपरेशन छान झालं होतं. शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी मला "म्हशीला पेंड घातली का?" असं विचारलं होतं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. पण दुसऱ्या दिवसापासून घडी विस्कटली. छतावर मुंग्या दिसायला लागल्या. सलाईनच्या बाटलीला त्या कंदील म्हणू लागल्या. आणि मग एकच धोशा लागला, ज्ञानूदादा न्यायला आलाय, बाहेर बसलाय, मला जाऊ द्या. नळ्या ओढायच्या, उठून बसायला बघायच्या. शेवटी नर्सनी दोन्ही मनगटं पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधली.

"वेड नाही हे," डॉ. मगदूम आम्हाला म्हणाले. "हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं की वयस्कर पेशंटमध्ये बऱ्याच जणांना होतं. आम्ही डिलिरियम म्हणतो, तुम्ही भ्रम म्हणा. भूल, मशीन, दुखणं, झोप नाही, दिवस आहे की रात्र ते कळत नाही. मेंदू गोंधळतो. बहुतेकांचा काही दिवसांत निवळतो."

"बहुतेकांचा?" मी विचारलं.

"बहुतेकांचा." डॉक्टर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. "मला भ्रमापेक्षा धडपडीची काळजी आहे. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं बांधलंय. त्या अशा झटापट करत राहिल्या तर ते सुटेल आणि पुन्हा टेबलवर घ्यावं लागेल. मानेतली नळी ओढली तर रक्त जाईल. बांधलं की त्या जास्त चवताळतात, तेही मला दिसतंय. संध्याकाळपर्यंत शांत झाल्या नाहीत तर जड औषध देऊन परत श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल. या वयात मला ते नकोय."

"मग आम्ही काय करू?"

"वाद घालू नका. चष्मा द्या. नावानं हाक मारा. घरातलं कुणी शांत माणूस जवळ बसू दे."

आमच्या घरात शांत म्हणावं असं एकच, ती म्हैस. बाकी आम्ही सगळे एकापेक्षा एक. त्यात माझी नणंद शालन. ती कऱ्हाडहून मिळेल त्या गाडीनं आली होती, आणि भाऊ काय सांगतो ते ऐकून घेतल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण न्यायला आलाय म्हणते?"

"ज्ञानूमामा."

"दादा, मामाला जाऊन किती वर्षं झाली?"

उत्तराची गरज नव्हती. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुखणाईत माणसाला गेलेलं माणूस दिसायला लागलं, त्यातून ते न्यायला आलंय असं म्हणायला लागलं, की घरातले देव पाण्यात बुडवून बसतात. आमच्या चुलत सासऱ्यांना त्यांची आई दिसली होती, ते दुसरा दिवस बघू शकले नाहीत. गल्लीतल्या एकीला नवरा दिसला होता. अशा गोष्टी कुणी मुद्दाम सांगत नाही, पण कुणी विसरतही नाही.

"तिला निक्षून सांगायचं," शालन म्हणाली. "मामाबरोबर जायचं नाही. मामाला म्हणावं, तू परत जा. जो कुणी आत जाईल त्यानं हेच सांगायचं. दादा, तू पण. वहिनी, तुम्ही पण."

आत एका वेळी एकालाच सोडत. शालन गेली, आणि दाराबाहेर मला तिचा आवाज ऐकू येत होता. "आई, जायचं नाही! मामाला परत धाड! आम्ही कुणी तुला जाऊ देणार नाही!" त्याच्यावर सासूबाईंचा आवाज, घसा बसलेला, "तुमच्या पाया पडते, पाया पडते." मग यंत्राची पिपाणी वाजली आणि साळवी सिस्टर आत धावल्या. त्यांनी शालनला बाहेर काढलं.

प्रताप गेला. त्यानंही तेच सांगितलं, जरा रडव्या सुरात. परत पिपाणी.

"तुम्ही आत जाऊन नक्की काय सांगता त्यांना?" साळवी सिस्टरनी वैतागून विचारलं. "तुम्ही येऊन गेलात की त्या दुप्पट उसळतात. हिसके देऊन देऊन कातडी सोलली बघा मनगटाची." त्या वाईट नव्हत्या. सकाळपासून दहा वेळा त्यांनी सासूबाईंना "आजी, आजी" म्हणून समजावलं होतं. "आजी म्हटलं तर बघतसुद्धा नाहीत. द्वारकाबाई म्हणून बघितलं, तरी नाही. जसं काही दुसऱ्याच कुणाला बोलावतेय."

शालन गावी फोन करून देवळातला अंगारा मागवायच्या खटपटीला लागली. गावचा एक जण मिरजेत कामाला येणार होता, त्याच्याकडून तो दुपारपर्यंत पोचला. तोवर माझी पाळी आली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. सासूबाईंशी माझं नातं म्हणाल तर कामापुरतं. भांडण नाही आणि गळ्यात गळाही नाही. वीस वर्षं मी त्यांना 'अहो आई' म्हणत आले आणि त्या मला 'मास्तरीणबाई' म्हणत आल्या, अर्ध्या कौतुकानं, अर्ध्या टोमण्यानं. त्यांच्या अंगाला हात लावायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती.

आत गेले तर त्यांचा उजवा हात पट्टीतून निसटला होता आणि मानेच्या नळीकडे चालला होता. सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी होत्या. मी ओरडले. वर्गात चाळीस पोरं एकदम गिल्ला करतात तेव्हा निघतो तो आवाज माझ्या तोंडून निघाला.

"द्वारका! हात खाली!"

अहो नाही, आई नाही. नुसतं द्वारका. मी जीभ चावली.

हात खाली गेला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दोन दिवसांत त्यांनी कुणाकडे असं थेट पाहिलं नव्हतं. मग त्यांची नजर झुकली. मोकळा हात वर गेला, पण नळीकडे नाही, डोक्याकडे. कागदी टोपी चाचपून त्यांनी पदर ओढल्यासारखं केलं.

"व्हय, आत्याबाई," त्या म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं, नाकात नथ, कपाळावर आठ्या. मला एकदम उमगलं. त्या घरात द्वारका अशी एकेरी हाक मारणारं दुसरं होतं कोण? नवरा बायकोचं नाव घेत नसे. मुलं आई म्हणत, गाव काकू म्हणे, पुढे म्हातारी झाल्यावर आजी म्हणे. आणि या घडीला त्या म्हाताऱ्या नव्हत्याच मुळी, वीस-बावीसच्या होत्या. त्यांना आजी म्हणून हाक मारली तर त्या कशाला ओ देतील?

"आत्याबाई," त्या हळूच म्हणाल्या, "दादा आलाय. आई लई आजारी हाय म्हनतोय. भाकऱ्या थापून ठेवल्यात. धारा काढून जाते. सांच्याला निघाले तर परवा माघारी येते. जाऊ का मी?"

मी सिस्टरकडे पाहिलं, त्या पाठमोऱ्या होत्या.

"पोराला तुमच्यापाशी ठेवते. न्हाई तर संगं नेते. तुमी म्हनाल तसं. उष्टं-खरकटं सगळं आल्यावर करते. जाऊ का?"

इतकी वर्षं मी या बाईला कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. दुखत असलं तरी सांगायच्या नाहीत. आणि ती बाई हात जोडत होती. एक हात बांधलेला, म्हणून दुसरा त्याच्याकडे नेऊन जोडत होती.

"वहिनी, नाही म्हणा!" मागून आवाज आला. माझं ओरडणं ऐकून शालन आत घुसली होती, अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून. "होय म्हणायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे. तुम्ही होय म्हणालात आणि आईला काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

शालनचा आवाज ऐकताच सासूबाईंच्या अंगात पुन्हा बळ आलं. खांदे उचलले, छाती उचलली. पडद्यावरचे आकडे पळायला लागले. दोन दिवस आम्ही सगळे मिळून त्यांना काय सांगत होतो ते मला तेव्हा कळलं. नाही, नाही, नाही.

खरं सांगते, मला भीती वाटली. शिकलेली असले म्हणून काय झालं, मीही त्याच मातीतली. होय म्हटलं आणि बाई खरोखरच गेली तर? जन्मभर ते माझ्या माथी. पण नाही म्हणून काय होतंय ते समोर दिसत होतं.

"ज्ञानू जेवला का गं?" मी विचारलं. गावची बोली आपोआप तोंडात आली.

त्या थांबल्या. "न्हाई. उंबऱ्यावर बसलाय. पानीसुदिक घेईना."

"उन्हातनं आलाय. त्याला असा बसवून ठेवत्यात व्हय? आत घे. पाय धुवाय पानी दे. ताट वाढ."

"वाढू?"

"वाढ. त्याला जेवू दे पोटभर. ऊन उतरलं की निघा दोघं."

"दोघं?"

"मग? आई आजारी हाय नव्हं तुझी? जा. चार दिस ऱ्हा. आईला बरं वाटलं की ये."

त्यांचा विश्वास बसेना. "घरात पावनं येनार हाईत..."

"पावन्यांचं मी बघते. माझे हात काय मोडलेत?"

शालननं मागून माझं कोपर घट्ट धरलं होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं. आणि मग त्यांनी जे केलं ते मला आधी सुचायला हवं होतं. निघताना सून काय करते? त्या पाया पडायला उठायला लागल्या. मी दोन्ही खांदे धरले.

"पडूनच कर, पोचला नमस्कार. लांबचा रस्ता हाय, आता पडून घे जरा. ज्ञानू जेवतोय तवर."

"कुकू," त्या म्हणाल्या. माहेरी निघालेल्या सुनेला सासू कुंकू लावते. त्यांनी कपाळ पुढे केलं. सासरे गेल्यापासून त्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि त्या खोलीत कुंकू आणणार कुठून?

मी मागे हात केला. शालन क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं पुडी उघडली. मी चिमूटभर अंगारा घेतला आणि सासूबाईंच्या कपाळाला लावला. त्यांनी डोळे मिटले.

"जाऊन ये," मी म्हणाले.

त्या झोपल्या. नुसत्या पडल्या नाहीत, झोपल्या. साळवी सिस्टर आल्या, पडदा पाहिला, मनगटाची राहिलेली पट्टी हळूच सोडली आणि काही न विचारता त्यांच्यावर चादर ओढली.

बाहेर आल्यावर शालन माझ्याशी बोलली नाही. बाकड्याच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये प्रताप. दार उघडलं की तिघेही उठत होतो. डॉक्टर संध्याकाळी येऊन पाहून गेले, "झोपू द्या," एवढंच म्हणाले. मशीन लावलं नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, त्यातलं अर्धं अजून फेडायचं राहिलंय.

सकाळी सिस्टर दारात आल्या. आम्ही उठलो. "चहा मागतायत," त्या म्हणाल्या.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या दिवशीही त्यांनी एकदा मला साळवी सिस्टर समजून सुई जोरात टोचल्याबद्दल झापलं, आणि खिडकीबाहेर बैल उभा असल्याचं सांगितलं. पण ज्ञानूमामाचं नाव काढलं नाही. हात बांधावे लागले नाहीत. हळूहळू बैलही गेला. एका सकाळी त्यांनी चष्मा लावला, मला बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, शाळा बुडवून किती दिवस बसणार हितं?" शालन तिथेच खाली बसली आणि रडली. मग माझ्याकडे न बघता तिनं आपल्या डब्यातली पोळी माझ्या ताटात टाकली.

वॉर्डात आणल्यावर एका दुपारी सासूबाईंनीच विषय काढला. शालन संत्रं सोलत होती.

"आत असताना मी कायबाय बडबडले म्हनं."

"थोडंसं," मी म्हणाले. "मामा आले म्हणत होतात."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "आला होता दादा. आत्ता न्हवं. त्यावेळी. आई आजारी होती. घरात नणंदेच्या लग्नाची सुपारी फोडाय पावनं यायचं होतं. आत्याबाई म्हनल्या, आत्ता न्हाई जायचं. दादा उंबऱ्यावर बसून राहिला. ऊन कलतंवर बसला. पानी न घेता गेला. मग सांगावाच आला. तोंडसुदिक दिसलं न्हाई आईचं."

शालनच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. तिनंही हे कधी ऐकलं नव्हतं.

"त्याच आत्याबाईंचं गू-मूत काढलं मी शेवटी. कुनी बोट दावंल असं काय केलं न्हाई. पर मनातनं न्हाई सोडलं. मरताना त्यांनी हात धरला माझा, तरी न्हाई."

मला माझा भाऊ आठवला. तो कधीही दारात आला की चहा व्हायच्या आत सासूबाई माझी पिशवी भरून ओसरीवर आणून ठेवायच्या. "जावा, जावा, हितं काय अडलंय." मी वीस वर्षं समजत होते, बाईला माझी ब्याद नको आहे.

"आनि आता दवाखान्यात काय झालं बघा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "आत्याबाई आल्या. दादाला जेवू घातलं. मला म्हनल्या, जा. कुकू लावलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गेले की. दादाच्या गाडीतनं. आई अंथरुणावर उठून बसली होती. म्हनली, आलीस व्हय गं. मी तिला पेज पाजली." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "खोटं हाय, मला कळतंय. येडी न्हाई मी. डॉक्टरनं सांगितलं, औषधानं हुतं असलं. पर गेलते मी."

शालननं तोंड उघडलं. ती सांगणार होती, आई, त्या आत्याबाई नव्हत्या, वहिनी होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. शालननं आयुष्यात पहिल्यांदा उघडलेलं तोंड न बोलता मिटलं, आणि संत्र्याची फोड आईच्या हातात दिली.

मी सांगितलं नाही. पुढची सात वर्षं सांगितलं नाही. कधी भांडणात अगदी जिभेच्या टोकावर यायचं, की बाई, तुम्हाला होय म्हणणारी मी होते. पण मग ते होय माझं झालं असतं, आणि माझ्या होयला त्यांच्या लेखी काय किंमत? त्यांना ते ज्यांच्याकडून हवं होतं त्यांच्याकडून मिळालं होतं. आता त्या नाहीत, म्हणून बोलते आहे.

ऑपरेशनच्या त्याच वर्षी पितृपंधरवडा आला. आत्याबाईंचं पान आमच्याकडे दरवर्षी वाढलं जायचं, पण स्वयंपाक करायचो मी आणि माझी चुलत जाऊ. सासूबाई त्या दिवशी गोठ्यात काम काढायच्या. त्या वर्षी सकाळी बघते तर त्या स्वयंपाकघरात, पाटावर बसलेल्या. छातीवर हात धरून.

"खपली गहू भिजत घातलेत," त्या म्हणाल्या. "खीर करायची. आत्याबाईंना आवडायची. गूळ मी सांगते तेवढाच घाला."

शालन आली होती, तिला राहवलं नाही. "आई, तू कधी त्यांच्यासाठी खीर केली नव्हतीस."

"न्हवती केली."

"मग आता?"

सासूबाईंनी भिजलेले गहू बोटात धरून दाबून बघितले.

"धाडलं न्हवं त्यांनी मला," त्या म्हणाल्या. "उशिरा का हुईना, धाडलं."

शालननं माझ्याकडे पाहिलं. मी पातेलं चुलीवर चढवलं आणि गूळ किती घालायचा ते त्यांना विचारलं.